भार कोणत्या पायावर

एप्रिल लागला की दोन गोष्टी सुरू होतात. माझे गुडघे आणि नफिसाचा फोन.

"मावशी, परीक्षा लागली. येताय ना?"

"माझं वय काय झालं, माहीत आहे का तुला?"

"चौऱ्याहत्तर. मागच्या वर्षी त्र्याहत्तर होतं, तेव्हाही तुम्ही हेच विचारलंत."

"आता काय उरलंय या चेहऱ्यात?"

"उलट वाढलंय. रेघा वाढल्यात. पोरांना कोवळा चेहरा जमत नाही. भोपळा होतो."

नफिसा चित्रकलेच्या कॉलेजात शिकवते. एके काळी तिथेच शिकायला होती. मी त्याच कॉलेजात अडतीस वर्षं मॉडेल म्हणून बसले. हे सांगितलं की लोक घसा खाकरतात आणि भलतीकडे बघतात. म्हणून आधीच सांगून टाकते, लुगडं नेसून बसले, पदर घेऊन बसले, हातात सूप धरून बसले, डोक्यावर पाटी घेऊन उभी राहिले. अंगावरचं काही उतरवलं असेल तर चपला. आता खाकरणं थांबवा.

उन्हाळ्यातलं कॉलेज मला अजून नाकाने आठवतं. टर्पेंटाइन, जवसाचं तेल, खिडक्यांना टांगलेले ओले वाळ्याचे पडदे आणि त्या सगळ्याच्या खाली चाळीस मुलांचा घाम. हा वास लुगड्यात असा बसायचा, की संध्याकाळी हडपसरच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. मला बरंच वाटायचं. पाय पसरता यायचे. बाहेर बहावा फुललेला असायचा, पण तो मला कधी धड दिसला नाही. मला नेहमी खिडकीच्या दांडीकडे नजर लावून बसवायचे आणि बहावा त्या दांडीच्या डावीकडे होता. चार बोटं मान वळवली असती तर दिसला असता. मान वळवायची नव्हती.

पहिल्याच दिवशी मी उठून चालू लागले होते. समोरची सगळी पोरं एकेक डोळा मिटून माझ्याकडे बघत होती. मी सरांना म्हटलं, "चांगल्या घरची दिसतात, आणि डोळे मारतात?" सर हसत सुटले. मग त्यांनी दाखवलं. हात लांब करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि तोंडाची लांबी मोजायची. मी परत बसले. पण कोळशाची रेघ पुसायला पोरं पावाचा तुकडा घासायची, ते मात्र मला कधी आवडलं नाही. भुकेली असताना माझंच नाक पावाने पुसलेलं मी पाहिलं आहे.

लोकांना वाटतं, बसायला काय लागतं? उभं राहून पाहा. पाच मिनिटांनी टाच बोलते, दहा मिनिटांनी गुडघा, पंधराव्या मिनिटाला कंबर. मग न कळत भार एका पायावर जातो. इकडून ओरड येते, "मावशी, हललात!" पायांभोवती खडूच्या खुणा केलेल्या असतात, विश्रांती झाली की त्याच खुणांत पाय ठेवायचे. पावलं खुणेत असतात, भार मात्र कुठेही असतो. तो शोधून परत जागेवर आणायचा, ही माझी विद्या. चौथीनंतर मी जे काही शिकले ते एवढंच आहे आणि त्यावर माझं आयुष्य निघालं.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी कलेच्या इतिहासाचा वर्ग असायचा. तो शिकवणाऱ्या सरांना मुलं इसवी सर म्हणायची, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य इसवी सनाने सुरू व्हायचं. पातळ, उंच माणूस, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. खोलीत अंधार करायचे, प्रोजेक्टर लावायचे आणि पडद्यावर एकेक चित्र दाखवत बोलायचे. मी तिथे गेले ती पंख्यासाठी. कॉलेजातला धड चालणारा पंखा तेवढा एकच होता. मागे भिंतीला टेकून फरशीवर बसायचे. मुलं अंधारात झोपायची. मला झोप यायची नाही, कारण न हलता जागं राहणं हीच तर माझी नोकरी. मग चित्रं बघितली. आणि सहा वर्षं बघतच राहिले.

पहिली गुहेतली. बैल, हरणं, सगळी भरलेली, गोल, मान जाड. माणसं मात्र काडीची. काढणाऱ्याला माहीत होतं, पोट कशाने भरतं. मग मिसर देश, म्हणजे इजिप्त. तोंड बाजूला, डोळा समोर, छाती समोर, पाय परत बाजूला. मी घरी मोरीत उभी राहून तसं करून पाहिलं तर कमरेत उसण भरली. तेव्हाच समजलं की त्या चित्रांसाठी समोर कुणी उभं राहिलेलंच नव्हतं. नाक बाजूने चांगलं कळतं, डोळा समोरून, म्हणून दोन्ही घेतलं. मग ग्रीसचे जुने दगडी पोरगे. हात मांडीला चिकटवलेले, दोन्ही पाय ताठ, शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे. आणि थोड्याच चित्रांनंतर एक पुतळा येतो, त्याचा एक गुडघा सैल, एका बाजूचं ढुंगण वर चढलेलं. सर म्हणायचे, "इथे दगडात प्राण आला." मी मागे मनात म्हणायचे, इथे माणूस दमला हो, सर. तो आधीही दमतच असणार. पण काढणाऱ्याने ते पहिल्यांदा बघितलं.

आपल्या यक्षिणी तर एका पायाशिवाय उभ्याच राहत नाहीत. मान एकीकडे, कंबर दुसरीकडे, गुडघा तिसरीकडे. त्या खरोखर उभ्या राहिल्या असतील तर त्यांना माझा नमस्कार. अजिंठ्याचा तो निळं कमळ धरलेला, डोळे खाली केलेला. त्याच्यापाशी आले की सर आवाज इतका खाली आणायचे की कोण घोरतंय ते स्पष्ट ऐकू यायचं. मग बादशहांच्या दरबारातली चित्रं. खारीच्या शेपटीच्या केसांचे ब्रश, दाढीचा केसन् केस मोजून घ्यावा असा, पण पाय गालिच्यावर ठेवल्यासारखे वाटत नाहीत, चिकटवल्यासारखे वाटतात. मग इटली. तिथे फरशी आत पळायला लागली आणि उजेड एकाच बाजूने यायला लागला. मग थंड देशातलं एक स्वयंपाकघर, खिडकीतून उजेड, बाई भांड्यातून दूध ओततेय. तोपर्यंत पडद्यावर देवी झाल्या होत्या, राण्या झाल्या होत्या, अप्सरा झाल्या होत्या. कामाला लागलेली बाई एवढी मोठी होऊन मला पहिल्यांदा इथे दिसली. तिचा भार दोन्ही पायांवर. भांडं जड असलं की तो तसाच येतो. मग फ्रान्सची मंडळी उन्हात जाऊन बसली. त्यांचं चित्र जवळून शेवाळ आणि लांबून तळं. आणि त्यानंतर आरसा आपटल्यासारखी तोंडं फुटली. नाक बाजूने, डोळा समोरून. मी म्हटलं, आले, फिरून परत मिसरलाच आले.

हे सगळं मी कुणाला बोलले नाही. ऐकणार कोण? घरात तर पंख्याखाली बसते एवढंच माहीत होतं. पण मंगळवार-शुक्रवार चुकला की मला चैन पडत नसे.

सहाव्या वर्षी नवे सुपरवायझर आले. तरुण, हुशार, इस्त्रीचे. कॉलेजातल्या सगळ्या वस्तूंना जागा नेमून द्यायची त्यांना हौस. एका शुक्रवारी त्यांनी वर्गाचा दिवा लावला.

"मावशी, तुम्ही इथे काय करताय?"

"बसलेय."

"तुमचं बसायचं काम वरच्या मजल्यावर."

"ते झालं. आता हे."

"हा थिअरीचा वर्ग आहे. तुमचं शिक्षण किती?"

"चौथी."

"मग? यातलं तुम्हाला काय कळणार?"

चाळीस मुलं जागी होऊन माझ्याकडे बघत होती. लोकांनी बघायची मला सवय आहे, अडतीस वर्षं तेच केलं. पण त्या दिवसासारखं कधी वाटलं नाही. मी उठले. मंगळवारी फळ्यावर नोटीस लागली, मॉडेलने थिअरीच्या वर्गात बसू नये. मराठीत होती. वाचायला चौथी पुरली.

इसवी सर म्हणाले, "परीक्षा होऊ द्या, मग बोलतो मी." ते भांडणारे नव्हते. आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकाचं ऑपरेशन परीक्षेच्या तोंडावर ठरलं; दुसऱ्याने तर त्यांना माणूस आणि खांब यातला फरकही दिसत नव्हता. म्हणजे माझ्या वतीने बोलणारं कुणीच नव्हतं. मला त्या वर्गात बसायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

नोटिशीत दाराबाहेरचं काही लिहिलेलं नव्हतं. मी दाराबाहेर उभी राहायला लागले. फट पुरेशी होती.

पेपर सोमवारी होता. त्याआधीच्या शुक्रवारी सर उजळणी घ्यायला आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा. बायको हात धरून आत आणून बसवून गेली. दिसत नव्हतं तरी अडचण नव्हती. स्लाइडची रांग त्यांना तोंडपाठ होती. एका मुलाने बटण दाबायचं, सरांनी बोलायचं. सर एकदम अजिंठ्यापासून सुरू झाले, कारण पेपरात तो हमखास यायचा.

"पाहा," सर म्हणाले, "इसवी सनाच्या पाचव्या शतकातली ही करुणा. झुकलेल्या पापण्या. सगळं सोडून निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची शांती."

वर्गात कुणीतरी फसकन हसलं.

"हसण्यासारखं काय आहे? जरा ओठांकडे बघा."

आता सगळेच हसायला लागले. मी फटीतून पाहिलं आणि मला राहवेना.

"सर," मी दारातूनच म्हटलं, "बैल आहे."

"काय?"

"पडद्यावर बैल आहे. गुहेतला. तुमचा कमळवाला नाही."

सर म्हणाले, "पुढची लाव."

"दूध ओतणारी," मी म्हटलं.

"त्याच्या पुढची?"

"फुटक्या तोंडाची."

सरांनी टेबलावर हात फिरवला. स्लाइडचा डबा सापडला, एक स्लाइड बोटांत घेऊन चाचपली. "ही फ्रेम माझी नाही. माझी रांग कुणी मोडली?"

कुणी मोडली ते लगेच कळलं. सर ऑपरेशनला गेले तेव्हा सुपरवायझर साहेबांनी डबा उघडला होता. मागच्या पावसाळ्याची बुरशी पुठ्ठ्याच्या फ्रेमांना धरली होती. साहेबांनी एकशेवीसच्या एकशेवीस फिल्मा काढून स्वच्छ पुसल्या आणि पांढऱ्या, एकसारख्या प्लास्टिकच्या फ्रेमांत घातल्या. जुने पुठ्ठे कचऱ्यात गेले. नावं, काळ, देश, सगळं सरांनी त्या पुठ्ठ्यांवरच लिहिलेलं होतं. नीटनेटकेपणाने इतकं नुकसान होतं हे मला तेव्हा समजलं.

साहेब आले. चेहरा पडलेला. मुलांकडे वह्या होत्या, त्यात नावं होती, पण कुठलं नाव कुठल्या चित्राचं ते अंधारात झोपलेल्यांना काय माहीत? बाकीचे सर प्रॅक्टिकलच्या परीक्षेत अडकलेले. आणि सोमवारी चित्र दाखवून काळ विचारणार.

"मी लावते," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"उद्या दुपारपर्यंत."

"मावशी, ही चेष्टेची वेळ नाही. एक जरी चुकली तरी मुलं चुकीचं शिकतील."

"चुकली तर या दाराबाहेरसुद्धा उभी राहणार नाही. आणि नाही चुकली तर?"

"तर बसा वर्गात."

"कुठे?"

"बसा हो कुठेही!"

"खुर्ची पाहिजे. फरशीवर सहा वर्षं बसले, ते पुष्कळ झालं."

पोरांनी बाकं वाजवली. इसवी सर पट्टीच्या आडून म्हणाले, "साहेब, हो म्हणा. तुमच्याकडे दुसरं कोण आहे?"

शनिवारी सकाळी मी मागच्या अंगणात बसले. मदतीला नफिसा आली. भवानी पेठेतली, बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. वर्गात जागी राहणारी माझ्याशिवाय ती एकटीच. आम्ही ड्रॉइंग बोर्ड जोडून मांडले, त्यावर पांढरी चादर घातली. एकेक स्लाइड बोटांत धरायची आणि आभाळाकडे करायची. एप्रिलचं आभाळ, नुसता उजेड. अंगठ्याएवढ्या चौकटीत राण्या, घोडे, देव, तळी. वर्गात ही चित्रं भिंतीएवढी बघितली होती. आता तीच चिमटीत धरून मी चादरीवर ठेवत होते. इतकं मोठं काम मी त्याआधी केलं नव्हतं, आणि तेही उठत-बसत, हवी तेवढी हलत.

"मावशी, हे आधीचं कशावरून?"

"भार कोणत्या पायावर आहे बघ. दोन्हींवर ताठ असला तर आधीचं. एकावर आला की नंतरचं. बसला की त्याच्याही नंतरचं. आणि पायच सापडत नसले तर आपल्या काळाचं."

"आणि यात तर माणूसच नाही. नुसती फळं."

"सावली बघ. सगळ्या एकाच बाजूला पडल्यात? मग इटलीच्या आधी ठेवायची नाही."

नक्षीच्या आणि अक्षरांच्या स्लाइड मला कळत नव्हत्या. नफिसाने त्या झटक्यात वेगळ्या केल्या. तसली नक्षी आणि अक्षरं तिने घरी, पुस्तकांत, मशिदीत डोळे भरून बघितली होती. एका स्लाइडवरून मात्र आमचं वाजलं. काडीची माणसं, पांढरी, मातीच्या रंगावर. मी ती गुहांत ठेवली.

"मावशी, मला हे वेगळं वाटतंय."

"काडीची माणसं आहेत. गुहाच."

"पण बघा ना, अंगं त्रिकोणी आहेत."

"तुझा बाप पाट्या रंगवतो म्हणून तुला सगळं कळतं का?"

"आणि तुम्हाला कशावरून कळतं?"

"मी उभी राहते."

तिने ती स्लाइड गुहांतच राहू दिली. मी तिचं ऐकायला हवं होतं.

दुपारी वर्ग भरला. बातमी पसरली होती. वरच्या वर्गातलीही मुलं भिंतींना टेकून उभी. साहेब दारात हात बांधून. मी प्रोजेक्टरशेजारी, उभी. फरशीवर बसायचं नाही, हे ठरवूनच आले होते.

"गुहा," सर म्हणाले. खट् करून बैल आला. कुणी हसलं नाही. "हरणांचा कळप." खट्. हरणं. "आता शिकारी, हातांत भाले, पळताहेत." खट्.

पडद्यावर माणसं हात धरून गोल नाचत होती. मध्ये एक जण लांब वाद्य वाजवत होता.

"थांबा," साहेब म्हणाले. "हे चुकलंय."

तिसऱ्याच चित्राला. सरांनी विचारलं, "काय दिसतंय?" नफिसाने सांगितलं, "गोल नाचताहेत, सर. पांढऱ्या रंगात. अंगं त्रिकोणी."

"वारली," सर म्हणाले. "डहाणूकडे आजही भिंतींवर काढतात. शेवटाकडे न्या ती."

"म्हणजे मावशी, ठरल्याप्रमाणे..." साहेब सुरू झाले.

"साहेब," सर म्हणाले, "एकशेवीसमध्ये एक चूक सापडली. उरलेल्या बघू या. आणि तुम्ही डबा लावला होता, त्यात बरोबर किती होत्या, तेवढं तुम्ही आठवून ठेवा."

वर्ग हसून असा फुटला की वाळ्याचा पडदा हलला. साहेबांचे कान लाल झाले. "चालू द्या," ते म्हणाले.

आणि चालू झालं. "मिसर." खट्. मिसर. "ग्रीस, जुनं." खट्. ताठ पोरगे. "इथे दगडात प्राण आला." खट्. सैल गुडघा. सर बघत नव्हते, पण त्यांचा शब्द सुटायचा आणि चित्र त्याला जाऊन लागायचं. यक्षी म्हटलं की यक्षी, कमळ म्हटलं की कमळ. सरांचा आवाज चढत गेला. मोगल, इटली, दूध ओतणारी, उन्हातलं तळं. मुलांनी वह्या बाजूला ठेवल्या. ती आता सरांच्या आधी ओरडायला लागली आणि मी प्रत्येक खट् बरोबर मनात मोजत होते. शंभर. एकशेपाच. एकशेदहा. फुटकी तोंडं आली. रंगांचे नुसते पट्टे आले. एकशेवीस. पडदा पांढरा झाला. दुसरी चूक सापडली नाही.

बाकं इतकी वाजली की खालच्या ऑफिसातला शिपाई वर धावत आला.

"मावशी," सर म्हणाले, "नावं नसताना कशावरून लावलंत?"

मी सांगितलं. भार, गुडघा, सावली, आणि माणूस दमतो ते. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग मुलांकडे तोंड करून म्हणाले, "हे ऐकलंत? बरोबर आहे. पण सोमवारी पेपरात लिहू नका. तपासणाऱ्याला कळायचं नाही."

साहेब दारात नव्हते. मला वाटलं, एका चुकीचं निमित्त करून गेला. तेवढ्यात जिन्यावर आपटत-आपटत काहीतरी येण्याचा आवाज झाला. साहेब स्वतः खुर्ची उचलून आणत होते, त्यांच्या ऑफिसातली, हातांची. पहिल्या रांगेत ठेवली. "बसा," म्हणाले. नंतर फळ्यावरची नोटीसही त्यांनीच काढली. माणूस शिस्तीचा होता. शब्दही शिस्तीने पाळला. त्याबद्दल मी त्याला मानते.

त्या खुर्चीत मी पुढे किती मंगळवार-शुक्रवार बसले, ते मी मोजलेले नाहीत. इसवी सर गेले, प्रोजेक्टर गेला, स्लाइडचा डबा आता कपाटात काचेआड आहे. नफिसा त्याच खोलीत शिकवते. मुलांच्या हातात फोन असतो. फोनला सांगितलं की तो चित्र काढून देतो, हेही मला दाखवून झालंय. म्हातारी, लुगडं, खिडकी, उजेड, हवं ते. मी बघते. चांगलं असतं. पण ती म्हातारी कुठल्याच पायावर उभी नसते. टाच बोललेली नाही, गुडघा बोललेला नाही. पोरं विचारतात, "कसं ओळखता?" मी म्हणते, उभे राहा वीस मिनिटं, तुम्हीही ओळखाल.

यंदा नफिसाने फोनवर अर्धंच सांगितलं होतं. गेल्यावर कळलं, चेहरा काढायला बोलावलंच नव्हतं.

"आज थिअरी आहे, मावशी. पहिल्या वर्षाची उजळणी. पडद्यावर बघून यांच्या डोक्यात शिरत नाही. तुम्ही चौथऱ्यावर उभ्या राहा आणि दाखवा."

"काय दाखवू?"

"सगळं. गुहेपासून."

सून म्हणाली होती, फार वेळ उभ्या राहू नका. मी चढले. आधी मिसर. कंबर करकरली, तरी तोंड बाजूला आणि छाती समोर करून दाखवली. मग प्रार्थनेचे पोरगे, दोन्ही पाय ताठ. मग हळूच एक गुडघा सोडला, आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी "हां!" म्हणाली, मोठ्याने, तिचं तिलाच कळलं नाही. यक्षीला मी भिंतीचा आधार घेतला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी यक्षी एवढीच होते. नफिसाच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या घेऊन दूध ओतलं. उन्हातली फ्रेंच बाई झाले, डोळे बारीक करून. फुटकी तोंडं मात्र मला जमत नाहीत म्हटलं, ती तुम्हीच फोडा. पेन्सिली पळत होत्या. तासाभरात माझ्या दोन पायांवरून सगळी शतकं जाऊन आली.

"आजी," शेवटी एका मुलाने विचारलं, "आत्ताची पोज कुठली? आमच्या काळाची?"

मी नफिसाकडे पाहिलं. नफिसाने खांदे उडवले. तिच्या पुस्तकात ते अजून आलेलं नव्हतं.

अडतीस वर्षं मला कुणी ना कुणी सांगितलं होतं, मान डावीकडे, हात मांडीवर, नजर लांब. मॉडेलने काढणाऱ्याकडे बघायचं नसतं, हा या कामातला पहिला नियम आहे आणि मी तो एकदाही मोडला नव्हता. मी पदर खोचला. पाय खडूच्या खुणांबाहेर काढून मला बरे वाटतील तेवढ्या अंतरावर ठेवले. हात कमरेवर घेतले आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेकाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"ही," मी म्हटलं. "काढा. मी बघतेय."